भूसंपादनाच्या मोबदल्यातून कापलेला टीडीएस परत कसा मिळवायचा?

गावकूस (11 ऑगस्ट 2025, सकाळी 9:40)

रस्ता, रेल्वे, धरण, कालवा, कशासाठीही जमीन गेली की मोबदल्यातून दहा टक्के आयकर (टीडीएस) कापून उरलेली रक्कम खात्यात येते. कापलेले पैसे सरकारजमा झाले म्हणजे गेले, असं गावागावांत धरून चालतात. खरं तर यातल्या बऱ्याच प्रकरणांत कर लागतच नाही आणि कापलेला पैसा अन् पैसा परत मिळतो. फक्त तो मागावा लागतो, आणि मागायची एकच वाट आहे: आयकर विवरणपत्र.

यंदा विवरणपत्राची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबर झाली आहे. महिनाभर हातात आहे, म्हणून धागा काढतोय. 2024-25 या आर्थिक वर्षात ज्यांना मोबदला मिळाला त्यांनी काय करायचं, कुठला फॉर्म, कुठल्या रकान्यात काय, आणि अडतं कुठे, हे जाणकारांनी इथे लिहावं. मागच्या वर्षांचे राहून गेलेले पैसे मिळतात का, हा दुसरा प्रश्न. कृपया 'सीएला विचारा' एवढ्यावर सोडू नका. सीएकडे जाताना कुठले कागद न्यायचे हेच लोकांना माहीत नसतं.

आकडेमोड (11 ऑगस्ट, 10:25)

चांगला धागा. सगळ्यात आधी निवाड्याची प्रत हातात घ्या. तुमच्या खात्यात आलेला आकडा नको, भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा आणि त्याच्या मागचा तक्ता हवा. त्यात दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, संपादन कुठल्या कायद्याखाली झालं. 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली निवाडा किंवा करार असेल तर त्याच कायद्याच्या कलम 96 नुसार त्यावर आयकर नाही. जमीन शेतीची असो की बिगरशेती. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 25 ऑक्टोबर 2016 च्या परिपत्रक क्र. 36 मध्ये हे मान्य केलं आहे. आयकर कायद्यात वेगळी सूट लिहिलेली नसली तरी हा मोबदला करपात्र नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आयकर कायद्यात मोबदल्यातून टीडीएस कापायचं जे कलम आहे, 194एलए, त्यातच 2017 पासून दुरुस्ती आहे की कलम 96 ची सूट असलेल्या रकमेवर टीडीएस कापायचा नाही. तरीही कापतात, कारण कापला नाही तर आपल्या अंगावर येईल ही कार्यालयाची भीती.

दुसरी, रकमेची फोड. बाजारमूल्य, तेवढीच दिलासा रक्कम, 12 टक्क्यांचा अतिरिक्त घटक, झाडं-विहीर-पाइपलाइन, आणि उशिराबद्दलचं व्याज असेल तर ते वेगळं. व्याजाची ओळ बाकीच्यांपासून वेगळी काढा. तिचे नियम निराळे आहेत आणि घोळ तिथेच होतो.

सह्यकडा (11 ऑगस्ट, 10:50)

शेतजमिनीवर तर 194एलए लागूच नाही ना? मग कापतात कशाला?

आकडेमोड (11 ऑगस्ट, 11:15)

बरोबर, नाही लागू. आणि त्या कलमापुरती 'शेतजमीन' म्हणजे शहराच्या हद्दीतली शेतजमीनसुद्धा. कापलं जातं ते बहुतेक तीन कारणांनी. सातबाऱ्यावर बिगरशेती नोंद असते. किंवा गटातले दोन-चार गुंठे बिगरशेती असतात आणि कार्यालय सगळ्या गटावर सरसकट दहा टक्के लावतं. किंवा बिल करणारा कारकून सगळ्या खातेदारांचा एकच तक्ता बनवतो.

मर्यादाही लक्षात ठेवा. 2024-25 मध्ये वर्षभरात एकूण अडीच लाखांपर्यंत कपात नाही. 1 एप्रिल 2025 पासून ही मर्यादा पाच लाख झाली आहे. पॅन दिला नसेल तर दहाऐवजी वीस टक्के. पॅन आहे पण आधारशी जोडलेला नाही, म्हणून निष्क्रिय झालाय, तरी वीसच.

भाऊसाहेब_निवृत्त (11 ऑगस्ट, 12:30)

कार्यालयाच्या बाजूने सांगतो. मोबदला वाटपाआधी नोटीस येते, तेव्हा संमतीपत्र, सातबारा, आठ-अ, बँक पासबुक आणि पॅनची प्रत मागतात. त्याच वेळी साधा अर्ज जोडावा: 'सदर निवाडा 2013 च्या कायद्यान्वये असल्याने कलम 96 व कलम 194एलए च्या परंतुकानुसार आयकर कपात करू नये', सोबत परिपत्रक 36 ची प्रत. आवक शिक्का मारून घ्यावा. कापायच्या आधी थांबवणं कापल्यानंतर परत मिळवण्यापेक्षा शंभर पटीने सोपं आहे.

कापल्यानंतर भूसंपादन कार्यालयात जाऊन 'आमचे पैसे परत द्या' म्हणून उपयोग नाही. ते आयकर खात्याकडे जमा झालेले असतात, कार्यालयाच्या तिजोरीत नसतात. मात्र कार्यालयाकडून एक गोष्ट हक्काने मागायची: 16ए, म्हणजे कर कापल्याचं प्रमाणपत्र. ते ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवरून उतरवलेलं हवं. हाताने टाइप करून दिलेल्या दाखल्याला काही किंमत नाही.

मीनल_प (11 ऑगस्ट, 14:10)

16ए मिळालं तरी 26एएस मध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, नोंद दिसते का ते बघाच. आयकर पोर्टलवर लॉगिन, 'ई-फाइल', 'इन्कम टॅक्स रिटर्न्स', 'व्ह्यू फॉर्म 26एएस'. तिथे कार्यालयाचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक), कलम, दिलेली रक्कम, कापलेला कर आणि शेवटी नोंदीची स्थिती. स्थितीच्या जागी 'एफ' असेल तर नोंद पक्की. 'यू' असेल तर विवरण आलंय, पण चलन जुळलेलं नाही.

नोंदच नसेल तर कार्यालयाने 26क्यू हे तिमाही विवरण भरलेलं नाही, किंवा पॅनचा एखादा अंक चुकवलाय. जानेवारी ते मार्चच्या कपातीचं 26क्यू 31 मेपर्यंत भरायचं असतं. त्यामुळे मार्चअखेर मिळालेल्या मोबदल्याची नोंद जूनशिवाय दिसत नाही. पॅन चुकला असेल तर कार्यालयाने दुरुस्ती विवरण भरायचं. हे काम खातेदार करू शकत नाही. लेखी अर्ज द्यायचा आणि त्यात निवाडा क्रमांक, गट क्रमांक, रक्कम, तारीख, चुकीचा पॅन आणि बरोबर पॅन समोरासमोर लिहायचे.

तात्या सोलापूरकर (11 ऑगस्ट, 15:05)

कायदा समजला. आता सरळ विचारतो. समजा आठ गुंठे बिगरशेती जागा गेली. कुणीतरी आकडे टाकून दाखवा, म्हणजे डोक्यात बसेल.

आकडेमोड (11 ऑगस्ट, 17:45)

तात्या, घ्या. शहरी भागातली जागा, 2013 च्या कायद्याखालचा निवाडा, पैसे 2024-25 मध्ये मिळाले.

बाजारमूल्य 20,00,000. दिलासा रक्कम 20,00,000. 12 टक्क्यांचा घटक दीड वर्षाचा, फक्त बाजारमूल्यावर, म्हणजे 3,60,000. बेरीज 43,60,000. यावर 194एलए खाली 4,36,000 कापले. त्याशिवाय ताबा आधी घेऊन पैसे उशिरा दिले म्हणून व्याज 2,40,000, त्यावर 194ए खाली 24,000. एकूण कपात 4,60,000.

फॉर्म आयटीआर-2. आयटीआर-1 च्या वाटेला जाऊ नका. 43,60,000 सूट मिळालेल्या उत्पन्नाच्या तक्त्यात, 'इतर' या ओळीत. वर्णनात 'भूसंपादन कायदा 2013 कलम 96 अन्वये मोबदला' असं इंग्रजीत लिहायचं. 2,40,000 व्याज 'इतर स्रोत' मध्ये, आणि कलम 57(iv) ची निम्मी वजावट म्हणजे 1,20,000 वजा. करपात्र उरले 1,20,000. दुसरं उत्पन्न, समजा, पाच लाख पेन्शन असेल तरी बेरीज 6,20,000. नव्या करप्रणालीत सात लाखांच्या आत म्हणून 87ए ची सवलत, कर शून्य. परतावा 4,60,000.

आता ज्या तक्त्यामुळे परतावे अडकतात तो, टीडीएसचा. यंदापासून त्यात कपातीचं कलमही निवडावं लागतं. 194एलए च्या ओळीत मिळालेली रक्कम 43,60,000 आणि उत्पन्नाचा प्रकार 'सूट मिळालेलं उत्पन्न'. 194ए च्या ओळीत 2,40,000 आणि प्रकार 'इतर स्रोत'. बरेच जण टीडीएस मागतात, पण ती रक्कम विवरणपत्रात कुठेच दाखवत नाहीत. 'सूट आहे ना, मग दाखवायची कशाला?' असं वाटतं. मग बंगळूरच्या प्रक्रिया केंद्राकडून 139(9) ची सदोष विवरणपत्राची नोटीस येते: कर मागताय, पण उत्पन्न कुठे आहे? पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाही दिलं तर विवरणपत्र भरलंच नाही असं धरलं जातं.

तात्या सोलापूरकर (11 ऑगस्ट, 18:20)

आता कसं लख्ख दिसलं! आकडेमोड, नाव सार्थ केलंत. हे छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतो.

विहीर (11 ऑगस्ट, 21:10)

थोडा विरोध नोंदवतो. वर सगळं 2013 च्या कायद्यावर चाललंय. महाराष्ट्रात कितीतरी जमीन इतर कायद्यांखाली जाते: एमआयडीसीचा 1961 चा कायदा, 1955 चा महाराष्ट्र महामार्ग कायदा, 1956 चा राष्ट्रीय महामार्ग कायदा. कलम 96 म्हणतं 'या कायद्याखालील निवाडा किंवा करार'. एमआयडीसीच्या निवाड्यावर डोळे झाकून कलम 96 लिहिलं तर उद्या छाननीत सगळं करपात्र ठरून वर व्याज लागेल. लोकांना सरसकट सांगू नका.

आकडेमोड (11 ऑगस्ट, 21:50)

विहीर, मुद्दा मान्य, म्हणूनच पहिल्या प्रतिसादात 'कुठला कायदा' हे आधी लिहिलंय. राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वे कायदा 2013 च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत आणि 2015 च्या आदेशाने मोबदल्याच्या तरतुदी त्यांना लागू झाल्या. त्या आधारावर कलम 96 ची मागणी करतात, पण विभाग प्रत्येक वेळी मान्य करेलच असं नाही. थेट खरेदीबद्दल मात्र आपल्याकडे स्पष्टता आहे. बुलेट ट्रेनच्या जमिनीच्या प्रकरणात 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाटाघाटीने झालेल्या खरेदीलाही कलम 96 ची सूट लागू धरली.

विहीर (11 ऑगस्ट, 22:30)

मग इतर कायद्यांखालच्या शेतजमिनीसाठी दोन जुन्या, भक्कम ढाली सांगतो. कलम 96 नसलं तरी त्या चालतात.

ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून तिच्यावर भांडवली नफा नाही. ग्रामीण म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीबाहेर आणि हद्दीपासून ठरावीक अंतरापलीकडे. लोकसंख्या 10,000 ते एक लाख असेल तर 2 किलोमीटर, एक ते दहा लाख असेल तर 6, दहा लाखांवर 8. अंतर रस्त्याने मोजायचं नाही, हवाई मोजायचं. दाखला तहसीलदाराकडून घ्या आणि त्यात 'हवाई अंतर' हा शब्द आहे ना ते बघून घ्या. रस्त्याने साडेनऊ किलोमीटर असलेला गट हवाई अंतराने साडेसातवर येतो आणि ढाल हातातून जाते.

जमीन त्या अंतराच्या आत असेल तर कलम 10(37). सक्तीचं संपादन हवं, खातेदार व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब हवं, आणि आधीची दोन वर्षं त्या जमिनीत स्वतः किंवा आईवडिलांनी शेती केलेली हवी. पुरावा गाव नमुना 12, पीकपाहणीचा. त्या दोन वर्षांत 'पडीक' किंवा 'गवत' असा शेरा असेल तर इथे घसरतं. ई-पीक पाहणी स्वतः नोंदवायची असते, तिचा कंटाळा करणाऱ्यांनी हे वाचावं. बिगरशेती भूखंडाला यातली एकही ढाल नाही.

अपर्णा_पणजी (12 ऑगस्ट, 8:15)

गोव्यातल्यांसाठी एक महत्त्वाची भर. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पतीपत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणून आयकर कायद्याचं कलम 5ए लागू होतं. पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं वाटलं जातं आणि टीडीएससुद्धा. वरच्या उदाहरणातलं 2,40,000 व्याज दोघांकडे 1,20,000-1,20,000, निम्म्या वजावटीनंतर प्रत्येकी 60,000, आणि 24,000 चा टीडीएस 12,000-12,000. आयटीआर-2 मध्ये 5ए चा वेगळा तक्ता आहे, तिथे जोडीदाराचा पॅन द्यायचा. कपात एकाच्याच पॅनवर दिसते. दुसऱ्याने टीडीएस तक्त्यात 'दुसऱ्या व्यक्तीचा' हा पर्याय निवडून जोडीदाराचा पॅन टाकायचा. एकाने पूर्ण 24,000 मागितले आणि दुसऱ्याने 12,000, तर दोन्ही परतावे अडतात. लग्नाआधी करारनाम्याने मालमत्ता वेगळी ठेवली असेल तर मात्र हे लागू नाही.

सह्यकडा (12 ऑगस्ट, 9:30)

यावरून आठवलं. सामाईक सातबारा, चार भाऊ, बहिणींचीही नावं, आणि सगळा मोबदला थोरल्याच्या खात्यात. टीडीएसही थोरल्याच्याच पॅनवर. आमच्याकडे घरोघरी हेच आहे. मग?

मीनल_प (12 ऑगस्ट, 10:40)

नियम 37बीए(2). थोरल्याने कार्यालयाला लेखी निवेदन द्यायचं: उत्पन्न या या व्यक्तींचं आहे, प्रत्येकाचं नाव, पत्ता, पॅन आणि हिस्सा. मग कार्यालय ज्याच्या-त्याच्या पॅनवर कपात दाखवतं आणि त्या-त्या नावाने 16ए देतं. हे 26क्यू भरायच्या आधी झालं तर उत्तम, नंतर दुरुस्ती विवरणाने. फेरफार उतारा किंवा वाटणीपत्र जोडा, नुसत्या तोंडी हिश्शावर कार्यालय हलत नाही.

पूर्ण रक्कम सूट असेल तर थोरल्याने एकट्याने सगळा टीडीएस मागून नंतर वाटणी केली तरी कर बुडत नाही, म्हणून बरेच सल्लागार तोच मार्ग सुचवतात. मला तो पटत नाही. थोरल्याच्या विवरणपत्रात अख्ख्या घराचा मोबदला त्याचा एकट्याचा म्हणून कायमचा नोंदला जातो. पुढे बहिणींनी हिस्सा मागितला की हाच कागद कोर्टात येतो.

दूरदेशी (12 ऑगस्ट, 13:20)

परदेशी राहणाऱ्या वारसांचं काय? 194एलए फक्त निवासी व्यक्तींना आहे ना?

मीनल_प (12 ऑगस्ट, 14:00)

हो. अनिवासीला कलम 195 लागतं आणि कार्यालयाने 26क्यू ऐवजी 27क्यू भरायचं असतं. प्रत्यक्षात कार्यालय सगळ्यांना निवासी धरून 194एलए खालीच कापतं. 26एएस मध्ये नोंद दिसत असेल तर परतावा मागायला त्याने अडत नाही. कलम 96 ची सूट निवासी-अनिवासी असा भेद करत नाही. विवरणपत्रात निवासी स्थिती मात्र खरीच लिहा आणि परताव्यासाठी एनआरओ खातं (अनिवासींचं भारतातलं रुपयातलं खातं) पोर्टलवर आधी पडताळून ठेवा.

गावकूस (12 ऑगस्ट, 16:30)

वाढीव मोबदल्याबद्दल कुणी लिहा ना. 1894 च्या जुन्या कायद्याखालचे खटले अजून निकाली निघतायत, आणि तिथे व्याजच मुद्दलापेक्षा मोठं असतं.

आकडेमोड (12 ऑगस्ट, 19:10)

मतभेद आहेत, दोन्ही बाजू मांडतो. जुन्या कायद्याच्या कलम 28 खालचं व्याज म्हणजे वाढीव मोबदल्याचाच भाग, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं. कलम 34 चं व्याज मात्र निव्वळ व्याज. त्यानंतर 1 एप्रिल 2010 पासून आयकर कायदा बदलला. वाढीव मोबदल्यावरचं व्याज ज्या वर्षी हातात पडेल त्या वर्षीचं उत्पन्न, आणि त्यातून सरसकट 50 टक्के वजावट. गुजरात उच्च न्यायालयाने 2016 मध्ये कलम 28 चं व्याज करमुक्त धरलं, पंजाब-हरियाणाने उलट. विभाग दुसऱ्याच बाजूला असतो.

निर्णय घेण्याआधी आकडा काढा. वाढीव मोबदल्यावर 18,00,000 व्याज 2024-25 मध्ये मिळालं, टीडीएस 1,80,000, दुसरं उत्पन्न नाही. निम्मी वजावट गेली की 9,00,000. नव्या प्रणालीत कर 40,000 अधिक 4 टक्के उपकर, 41,600. परतावा 1,38,400, आणि कुणी वाद घालत नाही. सगळं करमुक्त म्हणून पूर्ण 1,80,000 मागितले तर 41,600 साठी अपील लढायची तयारी हवी. व्याज कोटीच्या घरात असेल तर लढण्यात अर्थ आहे, इथे मला दिसत नाही.

हेच 18 लाख 2025-26 मध्ये मिळाले तर 9 लाख बारा लाखांच्या सवलतीत बसतात, कर शून्य, पूर्ण 1,80,000 परत. एकूण उत्पन्न सवलतीत बसणार असेल तर व्याजाच्या कपातीआधी 15जी (कर कापू नका असं स्वघोषणापत्र) द्यावासा वाटतो, पण साठीच्या आतल्यांना व्याजाची रक्कमच मूळ करमुक्त मर्यादेवर असेल तर 15जी चालत नाही. साठीवरच्यांना तसाच 15एच फॉर्म चालतो. 194एलए च्या कपातीला मात्र 15जी-15एच लागूच नाहीत, तिथे कलम 197 चं कमी कपातीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

विहीर (12 ऑगस्ट, 20:05)

याला जोडून. कोर्टाच्या अंतरिम आदेशाने, बँक हमी देऊन उचललेला वाढीव मोबदला अंतिम निकालाच्या वर्षीच करपात्र होतो. टीडीएस मात्र आजच कापलेला असतो. रक्कम करपात्र असेल तर त्या टीडीएसचं श्रेयही नियम 37बीए(3) नुसार पुढच्या वर्षी. आयटीआर-2 च्या टीडीएस तक्त्यात 'पुढे ओढलेला' असा रकाना आहे, त्यात दरवर्षी न चुकता दाखवत राहायचं. एका वर्षी राहिला की साखळी तुटते.

मीनल_प (12 ऑगस्ट, 21:30)

थोडं अवांतर, पण नात्यातलंच. मोटार अपघात दाव्याच्या नुकसानभरपाईवर कर नाही, पण तिच्यावरच्या व्याजातून विमा कंपन्या टीडीएस कापतात. मर्यादा वर्षाला 50,000, आणि ती प्रत्येक दावेदाराला वेगळी. व्याज 2,00,000 आणि दावेदार पाच, समान हिस्से, म्हणजे प्रत्येकी 40,000. कपात शून्य हवी. कंपनीकडे एकाचाच पॅन असेल तर ती दोन लाखांवर 20,000 कापते, पॅन नसेलच तर 40,000. म्हणून निकालानंतर लगेच वकिलामार्फत सगळ्यांचे पॅन आणि हिस्से लेखी कळवा, अज्ञान मुलांचेसुद्धा. मुलांचा पॅन निघतो. दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचं व्याज उत्पन्नच नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलंय, परतावा मागताना तो आधार आपल्याकडे आहे. घरातला कर्ता माणूस गेलेला असतो आणि त्याच्या भरपाईतले चाळीस हजार एका पॅनवाचून अडकतात. कुणाच्या ओळखीत असा दावा असेल तर आजच सांगा.

सह्यकडा (12 ऑगस्ट, 21:50)

मीनलताई, हे खरंच कुणी सांगत नाही. वेगळा धागा काढा यावर.

गावकूस (13 ऑगस्ट, 9:00)

माझा दुसरा प्रश्न राहिला. मागची वर्षं. 2020-21 मध्ये कापले आणि विवरणपत्र भरलंच नाही, असे पुष्कळ आहेत.

आकडेमोड (13 ऑगस्ट, 11:35)

मिळतात, पण कालमर्यादा कडक आहे.

2024-25 साठी 15 सप्टेंबर चुकला तर 31 डिसेंबर 2025 पर्यंत उशिराचं विवरणपत्र भरता येतं. त्यानंतरचं 'अद्ययावत विवरणपत्र' परताव्यासाठी चालत नाही, त्यात फक्त जास्तीचा कर भरता येतो. काही केंद्रांवर तेच भरून देतात आणि ते फुकट जातं.

त्याआधीच्या वर्षांसाठी कलम 119(2)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज. परिपत्रक क्र. 11, 1 ऑक्टोबर 2024. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षं. 2020-21 ची कपात म्हणजे करनिर्धारण वर्ष 2021-22, ते संपलं 31 मार्च 2022 ला, म्हणून अर्ज 31 मार्च 2027 पर्यंत. 2019-20 ची कपात असेल तर 31 मार्च 2026, म्हणजे सात महिने उरलेत. त्याहून जुनं संपलं. अपवाद एकच, परतावा कोर्टाच्या आदेशाने उद्भवला असेल तर खटला चालू असलेला काळ मोजत नाहीत.

एक कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात. पोर्टलवर 'सर्व्हिसेस' मध्ये 'कंडोनेशन रिक्वेस्ट'. सोबत निवाडा, 16ए किंवा 26एएस, बँक पासबुकाचं ते पान, आणि उशिराचं कारण. कारण खरं आणि कागदाने सिद्ध होणारं लिहा: कार्यालयाने 26क्यू उशिरा भरलं, खातेदाराचा मृत्यू, वारस नोंदीला लागलेला वेळ, दवाखान्याचे कागद. 'माहीत नव्हतं' एवढ्यावर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. मंजुरी आली की त्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख टाकून त्या वर्षाचं विवरणपत्र भरायचं. अशा परताव्यावर व्याज मिळत नाही.

वेळेत भरलं तर मात्र दरमहा अर्धा टक्का मिळतो, 1 एप्रिलपासून. तात्यांच्या उदाहरणात परतावा ऑक्टोबरमध्ये आला तर सात महिन्यांचे साडेतीन टक्के, 4,60,000 वर 16,100. डिसेंबरमध्ये भरलं तर भरल्या तारखेपासूनच मोजतात. हे व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचं.

भाऊसाहेब_निवृत्त (13 ऑगस्ट, 13:00)

खातेदार वारला असेल तर आधी पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी लागते. मृत्यू दाखला, मृताचा पॅन, वारसाचा पॅन, वारस दाखला. तलाठ्याकडची वारस फेरफार नोंद ही जमिनीपुरती, ती इथे पुरेल असं गृहीत धरू नका.

तात्या सोलापूरकर (13 ऑगस्ट, 16:40)

शेवटचं एक. सगळं बरोबर भरलं, प्रक्रिया झाली, 'परतावा निश्चित' असंही दिसतं, पण पैसे येत नाहीत. तेव्हा कुठे बघायचं?

मीनल_प (13 ऑगस्ट, 17:25)

तात्या, या क्रमाने बघा. भरल्यावर तीस दिवसांत ई-पडताळणी झाली का? आधार-पॅन जोडलेत का? निष्क्रिय पॅनवर परतावा निघत नाही. मग बँक खातं. पोर्टलवर 'माय बँक अकाउंट' मध्ये ते पडताळलेलं आणि परताव्यासाठी निवडलेलं हवं. गावाकडे इथेच अडतं: पासबुकात 'पाटील रामा गणू' आणि पॅनवर 'रामचंद्र गणपत पाटील'. नाव जुळत नाही, खातं पडताळत नाही. दुसरं, बँकांचं विलीनीकरण झालेलं असतं आणि खातेदार जुन्या पासबुकातला आयएफएससी टाकतो. जिल्हा बँकेचं खातं पडताळलं जात नसेल तर वेळ घालवू नका, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत पॅनवरच्या नावाने खातं काढा. मग 'सर्व्हिसेस' मध्ये 'रिफंड रीइश्यू' ची विनंती टाका.

कलम 245 ची सूचना आली असेल तर जुनी थकबाकी परताव्यातून वळती करतायत. एकवीस दिवसांत मान्य की अमान्य ते कळवायचं. आणि कलम 143(1) च्या सूचनेत टीडीएसचं श्रेय कमी दिलेलं दिसलं तर कलम 154 ची दुरुस्ती विनंती, त्यात 'टॅक्स क्रेडिट मिसमॅच' चा पर्याय. ती टाकायच्या आधी 26एएस पुन्हा उतरवून बघा. कार्यालयाने मधल्या काळात दुरुस्ती विवरण भरलं असेल तर रक्कम बदललेली असते, आणि जुन्या आकड्याने टाकलेली विनंती तशीच परत येते.

तात्या सोलापूरकर (13 ऑगस्ट, 17:50)

पासबुकावरचं नाव! आमच्या वाडीत निम्म्यांचं हेच अडलं असणार. रविवारी देवळात सगळ्यांना पासबुक, पॅन आणि निवाड्याची प्रत घेऊन बोलावतो. मीनलताई, आकडेमोड, त्या दिवशी काही अडलं तर इथेच विचारीन.

आकडेमोड (13 ऑगस्ट, 18:05)

जरूर विचारा. येताना प्रत्येकाला आधार जोडलेला मोबाइलही आणायला सांगा, ओटीपी त्यावरच येतो.